वाचकांचे प्रश्न : बेड्या दाखवाव्यात की हिशेब?

१८ मे रोजी येणाऱ्या जागतिक संग्रहालय दिनाच्या निमित्ताने या सदरात आम्ही वाचकांना एकच विषय दिला होता : गुलामी, अस्पृश्यता, वेठबिगार यांसारखा क्लेशकारक इतिहास संग्रहालयांनी कसा मांडावा? बडोद्यातून सर्वाधिक पत्रे आली, तर काही इंदूर आणि ग्वाल्हेरहूनही आली. अनेक पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत असल्यामुळे पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवते. अमेरिकेतील आणि युरोपातील गुलामीच्या संग्रहालयांची छायाचित्रे वर्गात दाखवली, तेव्हा बेड्या, चाबूक आणि पाठीवरचे वळ हेच सतत समोर येत राहिले. काही मुली रडवेल्या झाल्या, मागच्या बाकांवरची मुले हसली. एवढे क्रौर्य दाखवणे आवश्यक असते का?
— एक शिक्षिका, रावपुरा, बडोदे

उत्तर : हसलेल्या मुलांना फार बोल लावू नका. त्या वयात भीती आणि संकोच पुष्कळदा हसण्याच्या वाटेने बाहेर पडतात. मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे, तर क्रौर्य लपवणारे संग्रहालय खोटे ठरते. परंतु केवळ क्रौर्य मांडणारे संग्रहालयही फारसे काही शिकवत नाही, कारण पाहणारा एकतर नजर फिरवतो किंवा तिसऱ्या-चौथ्या दालनापर्यंत सरावतो, आणि ज्यांच्यावर अत्याचार झाले ती माणसे त्याच्या लेखी जखमी शरीरांपलीकडे उरत नाहीत. म्हणून माझे मत असे आहे की जखम थोडी दाखवावी आणि व्यवहार मात्र पूर्ण दाखवावा. माणूस कोणी विकला, कोणी घेतला, कागदावर सही कोणाची होती, त्याच्या श्रमातून निघालेला माल कोणाच्या घरात गेला आणि त्या पैशातून काय उभे राहिले, हे कळल्यावर गुलामी ही दूरच्या कोण्या दुष्टांची लहर राहत नाही. ती चांगल्या घरांच्या कीर्द-खतावणीत बसणारी गोष्ट होते.

अॅम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने २०२१ मध्ये भरवलेले गुलामीविषयक प्रदर्शन या दृष्टीने पाहण्यासारखे होते. त्यात आकडेवारीचे तक्ते पुढे न करता दहा खऱ्या माणसांच्या कहाण्या सांगितल्या होत्या. त्या दहांत गुलाम होते, बंड करणारे होते आणि ओप्येन कोपित नावाची अॅम्स्टरडॅमची एक श्रीमंत स्त्रीही होती. रेम्ब्रांने १६३४ मध्ये काढलेले तिचे पूर्णाकृती चित्र जगप्रसिद्ध आहे आणि लोक वर्षानुवर्षे त्यातला काळा पोशाख व पांढरी झालर न्याहाळत आले आहेत. प्रदर्शनात त्याच चित्राच्या संदर्भात तिच्या सासरची साखर पुढे आणली गेली. पहिल्या पतीच्या वडिलांचा अॅम्स्टरडॅममध्ये साखर शुद्ध करण्याचा मोठा कारखाना होता आणि तिथे येणारी कच्ची साखर ब्राझीलच्या मळ्यांवर गुलामांच्या कष्टांतून निघत होती. चित्र तेच राहिले, रंग तेच राहिले. फक्त झालरीची किंमत कोणी मोजली ते कळले.

याच प्रदर्शनात पितळेचे एक कोरीव कडेही होते. संग्रहालयाच्या जुन्या नोंदीत ते कुत्र्याच्या गळ्यातले म्हणून लिहिलेले होते. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले की त्या काळच्या चित्रांत श्रीमंतांच्या मागे उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या गळ्यांत अशीच कडी दिसतात. या एका वस्तूवर आपण संपूर्ण तास घेऊ शकता. मुलांना प्रथम कडे दाखवा, मग जुनी नोंद वाचा, मग चित्र दाखवा, आणि नोंद करणाऱ्याला ही शंका इतकी वर्षे का आली नाही, एवढेच विचारा. त्या प्रदर्शनाच्या सुमारास संग्रहालयाने आपल्या कायमच्या दालनांतील ७७ वस्तूंशेजारी गुलामीशी असलेला संबंध सांगणारे जादा फलकही लावले होते. वेगळे ‘दुःखाचे दालन’ काढून बाकीची दालने निष्कलंक ठेवण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय गुलामी संग्रहालयाची मांडणीही मुलांना सांगण्याजोगी आहे. ते २३ ऑगस्ट २००७ रोजी उघडले. १७९१ मध्ये याच तारखेच्या रात्री आजच्या हैतीमधील गुलामांनी उठाव सुरू केला होता, म्हणून ती निवडली गेली. तिथे पहिले दालन बेड्यांचे नव्हते, पश्चिम आफ्रिकेतील जीवनाचे होते : घरे, वाद्ये, कापड. माणूस गुलाम होण्याआधी कोण होता हे कळल्यावर पुढच्या दालनात त्याच्याकडून काय हिरावले गेले ते सांगावे लागत नाही.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. मुलांना ‘गुलाम’ आणि ‘मालक’ बनवून नाटुकली बसवू नका. वर्गात आधीच जी मुले जातीवरून किंवा रंगावरून ऐकून घेत असतात, त्यांच्याच वाट्याला कोणती भूमिका येते हे आपण जाणताच.

प्रश्न : गुलामी हा अमेरिकेचा आणि युरोपचा विषय आहे. आपल्याकडे तशी गुलामी नव्हतीच. उलट शिवछत्रपतींनी गुलामांच्या व्यापाराला बंदी केली होती. परक्यांची पापे आपल्या संग्रहालयांच्या माथी का मारायची?
— एक निवृत्त अधिकारी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या पत्रातील बंदीचा उल्लेख बरोबर आहे. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, महाराजांनी डच कंपनीला दिलेल्या कौलात, म्हणजे लेखी करारपत्रात, आपल्या मुलखात स्त्री-पुरुष गुलाम विकत घेण्यास आणि बाहेर नेण्यास मनाई केली, आणि पूर्वीच्या राजवटीत तसे चालत असे, हेही त्यात नमूद आहे. त्या काळातील एखाद्या सत्ताधीशाने इतक्या स्पष्टपणे असे लिहून द्यावे, ही मोठी गोष्ट आहे आणि ती दालनाच्या मधोमध मांडली जावी.

परंतु ‘आपल्याकडे नव्हतीच’ हे विधान कागदपत्रांपुढे टिकत नाही. अठराव्या शतकातील पेशवे दप्तरात कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम दासी, यांचे उल्लेख जागोजागी आहेत. त्या विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, किल्ल्यांवर, कोठारांत, पागेत आणि मुदपाकखान्यात राबत. दुष्काळात विकल्या गेलेल्या मुली त्यांत असत, लढाईत धरून आणलेल्या असत, आणि ‘बदकर्मा’चा ठपका ठेवून सरकारने दासीपणात ढकललेल्या बायकाही असत. त्यांच्या पोटी झालेली मुलेही मालकाचीच मानली जात. हे अमेरिकेतील कापसाच्या मळ्यांसारखे नव्हते, हे खरे. इथल्या गुलामीतून एखादा मलिक अंबरही वर येत असे. हबशी देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला आणि अनेक हातांतून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत त्याने मोगलांना दख्खनेत सुखाने राहू दिले नाही. हा फरक फलकावर अवश्य लिहावा. मात्र तो समजावून सांगण्यासाठी लिहावा, पदराखाली झाकण्यासाठी नव्हे. कारण एका मलिक अंबराच्या मागे मुदपाकखान्यात राबून मेलेल्या किती बायका होत्या, ते त्याच्या कर्तृत्वावरून कळत नाही.

आता आपल्या संस्थानाकडे वळू. बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतात आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण गुजरातच्या मुलखात ‘हाळी’ पद्धत होती. दुबळा समाजातील, म्हणजे आज ज्यांना हळपती म्हणतात त्या समाजातील, तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून उचल घेई आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायको त्याच्या शेतात व घरात कामाला लागत. मजुरी इतकीच मिळे की उचल फिटतच नसे, आणि बापानंतर मुलगा त्याच दारात उभा राहत असे. १८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी गुलामावरील मालकी हक्क मानणे बंद केले, १८६० च्या दंडसंहितेने माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली, तरी कर्जाने बांधलेल्या माणसाला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. वेठबिगारी मोडणारा देशव्यापी कायदा यायला १९७६ साल उजाडले. म्हणजे हा इतिहास आपल्या वडिलांच्या पिढीपर्यंत येऊन पोहोचतो.

आणि आपली माणसे बाहेरही गेली, ती नेहमी स्वखुशीने नव्हे. केप टाऊनमधील ‘स्लेव्ह लॉज’ ही इमारत डच कंपनीने १६७९ मध्ये आपल्या गुलामांसाठी बांधली. तिथे ठेवलेल्यांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेले लोकही होते. ती इमारत दीर्घकाळ नुसते ‘सांस्कृतिक इतिहासाचे संग्रहालय’ म्हणून चालवली गेली आणि १९९८ मध्ये तिला तिचे खरे नाव परत मिळाले. अॅम्स्टरडॅमच्या ज्या प्रदर्शनाचा वर उल्लेख केला, त्यातील दहा कहाण्यांपैकी एकीचे शीर्षक ‘फान बेंगालेन’, म्हणजे बंगालचा, असेच होते. तेव्हा हा विषय परक्यांचा म्हणून आपल्याला दूर ढकलता येणार नाही.

माझ्या मनातले दालन साधे आहे : १६७७ चा कौल आणि कुणबिणीच्या खरेदीचा मोडी कागद एकाच भिंतीवर, सारख्याच चौकटीत, सारख्याच उजेडात.

प्रश्न : बडोद्याचे संग्रहालय कमाटीबागेत आहे आणि १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर राहायला जागा न मिळाल्याने याच कमाटीबागेत येऊन बसले होते. ही घटना बडोद्यातील संग्रहालयांनी ठळकपणे मांडली, तर सयाजीराव महाराजांच्या नावाला बाधा येणार नाही का?
— एक वाचक, सयाजीगंज, बडोदे

उत्तर : आलेल्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम घटना. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार परत येऊन संस्थानची नोकरी करणे त्यांच्यावर बंधनकारक होते, म्हणून १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. पुढचे सगळे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. एका पारशी सराईत त्यांना खोली मिळाली ती नोंदवहीत पारशी नाव घालण्याच्या अटीवर, दिवसाला दीड रुपया दराने. सराईत दुसरे कोणीही प्रवासी नव्हते. कचेरीतून परतल्यावर त्या अंधाऱ्या माडीवर ते एकटेच असत. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी हातांत काठ्या घेऊन जिना चढून आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. मग आंबेडकरांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताला विचारून पाहिले. एकाला घरचे नोकर सोडून जातील याची धास्ती होती, दुसऱ्याला पत्नीचे सोवळे आड आले. मुंबईच्या गाडीला वेळ होता; तो त्यांनी कमाटीबागेत काढला. बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात.

आता महाराजांच्या नावाचा प्रश्न. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढणारा, १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा आणि एका महार तरुणाला परदेशी पाठवणारा राजा या घटनेमुळे लहान ठरत नाही. घटनेतून दिसते ते निराळेच आहे : राजाच्या हुकमाने माणसाला पद मिळू शकत होते, पण शहरात खोली मिळू शकत नव्हती. हुकूम आणि खोली यांमधले हे अंतर म्हणजेच त्या काळचे बडोदे, आणि शहराच्या संग्रहालयाने ते दाखवले नाही तर कोणी दाखवावे? महाराजांचे मोठेपण जपण्याच्या नावाखाली खरे तर आपण शहराची अब्रू जपत असतो.

फलक लिहिताना कस लागतो. आपल्याकडचा नेहमीचा फलक असा असेल : ‘तत्कालीन सामाजिक परिस्थितीमुळे डॉ. आंबेडकरांना बडोद्यात निवासाच्या अडचणींना सामोरे जावे लागले.’ या वाक्यात माणूस कोणीच नाही. अडचण जणू पावसासारखी आभाळातून पडली. मी असा लिहीन : ‘सप्टेंबर १९१७. बडोदे संस्थानात अधिकारी म्हणून रुजू झालेल्या भीमराव आंबेडकरांना या शहराने खोली दिली नाही. परके नाव घेऊन, दीड रुपया रोज भरून ते एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना जागा सोडायला लावले. त्यानंतर एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचितानेही त्यांना घरात घेतले नाही.’ शेवटचे वाक्य वगळू नये, कारण ते वगळले तर दोष एकट्या पारशी समाजाच्या पदरात पडतो आणि बाकीचे शहर नामानिराळे राहते.

मांडायच्या वस्तू म्हणून शिष्यवृत्तीचा करार, नेमणुकीचा कागद आणि त्या काळच्या शहराचा नकाशा पुरेत. सराईची नोंदवही हाती आली नाही, तर त्या जागी रिकामी पेटी ठेवून ‘हा पुरावा उपलब्ध नाही’ असे लिहावे. जुनाट दिसणारी वही करवून घेऊन ती खरी म्हणून मांडू नये. आणि कृपा करून झाडाखाली बसलेला फायबरचा पुतळा, त्यावर निळा प्रकाश आणि पार्श्वभूमीला सनई असले काही करू नये. आपल्या संग्रहालयांना या सोसाचे फार वेड लागले आहे; जालियनवाला बागेच्या २०२१ च्या नूतनीकरणावर एवढी टीका झाली, तीही अशाच झगमगाटामुळे.

मांडणी कोणाला विचारून करायची, हेही ठरवायला हवे. २३ सप्टेंबरला बागेत येणाऱ्यांना उद्‌घाटनाच्या दिवशी पुष्पगुच्छ देण्यापेक्षा मजकुराचा पहिला खर्डा वाचायला द्यावा. भोपाळमध्ये २०१४ साली उघडलेले वायुदुर्घटनेचे संग्रहालय तर दुर्घटनाग्रस्तांनी आणि त्यांच्या संघटनांनीच उभे केले. तिथे वस्तूंसोबत त्यांच्या माणसांचे आवाज ऐकू येतात. बडोद्याला तर सबब सांगायलाही जागा नाही, कारण संग्रहालयशास्त्राचा विभाग इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून आहे.

प्रश्न : बडोद्याच्या संग्रहालयातील ममी पाहायला मुले हट्ट करतात. मृत माणसाचे शरीर असे काचेत ठेवणे योग्य आहे का?
— एक आजोबा, मांजलपूर, बडोदे

उत्तर : जगभर यावर वाद आहे आणि सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही. दक्षिण आफ्रिकेतील सारा बार्टमन हिला जिवंतपणी युरोपात तमाशासारखे दाखवले गेले. १८१५ मध्ये ती वारल्यानंतर तिचा सांगाडा पॅरिसच्या संग्रहालयात १९७० च्या दशकापर्यंत लोकांपुढे होता आणि २००२ मध्ये कुठे तो मायदेशी दफन झाला. इथे दाखवणे हाच अन्याय होता. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाकडे छळछावणीत कापलेले केस प्रदर्शनासाठी होते, परंतु छावण्यांतून वाचलेल्या काहींनी ‘ते माझ्या आईचे असतील’ अशा अर्थाचा आक्षेप घेतल्यावर तिथे केसांऐवजी छायाचित्र लावण्यात आले. ममीच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच आहे की फलकावर प्रथम ‘ही एक व्यक्ती होती’ हे यावे, आणि मग लेपाची व पट्ट्यांची माहिती. नातवंडांना काचेजवळ नेण्यापूर्वी आपणही तेवढेच सांगा. पुष्कळदा आजोबांचे वाक्य फलकापेक्षा चांगले लक्षात राहते.

प्रश्न : आमच्या घरी मोडी कागदांचे एक दप्तर आहे. जाणकाराकडून वाचून घेतले, तेव्हा एका कागदावर आमच्या पूर्वजांनी कुणबीण विकत घेतल्याची नोंद निघाली. तिचे नाव आणि किंमतही आहे. धाकटे बंधू म्हणतात, जाळून टाका, घराण्याची शोभा होईल. मला ते पटत नाही, पण द्यायचे तरी कोणाला?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : कागद जाळू नका, आणि बंधूंवर रागावूही नका, त्यांना वाटणारी लाज खरी आहे. त्यांना एवढे सांगून पाहा की हा कागद नाहीसा झाला तर आपल्या पूर्वजांची नावे इनामपत्रांत आणि वंशावळीत राहतीलच. नाहीशी होईल ती एकटी त्या बाईची नोंद, कारण तिच्या नावाचा दुसरा कागद जगात बहुधा नाही.

तूर्त करायचे ते असे. कागद लॅमिनेट करू नका, फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका आणि रबरात गुंडाळू नका. स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी, घडी शक्य तितकी उलगडून ठेवा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. शिक्का, शेरा आणि कोपऱ्यातील आकडे त्यांत स्पष्ट आले पाहिजेत, कारण तारीख पुष्कळदा तिथेच सापडते. एकाच जाणकाराच्या वाचनावर न थांबता दुसऱ्याकडूनही लिप्यंतर करून घ्या. मोडीत आकडे आणि नावे वाचताना चांगल्या वाचकांचीही गफलत होते. सबंध दप्तर एकत्र ठेवा, त्यातला ‘तेवढाच’ कागद वेगळा काढू नका. शेजारच्या जमाखर्चात तिच्या लुगड्याचा किंवा धान्याचा खर्च लिहिलेला असू शकतो, आणि अभ्यासकाला तो खरेदीच्या कागदाइतकाच मोलाचा असतो.

देण्यासाठी सरकारी अभिलेखागार किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारखी जुनी संस्था पाहा. मूळ कागद देऊन प्रत घरी ठेवता येते. दान देताना संस्थेशी लेखी पत्रव्यवहार करा आणि दोन अटी घाला. पहिली, कागद अभ्यासकांना पाहण्यास खुला असावा. हवे तर आपल्या घराण्याचे नाव काही वर्षे जाहीर न करण्याची सवलत मागा, बंधूंची समजूत त्याने बरीच निघेल. दुसरी, सूचीत या कागदाची नोंद ‘संकीर्ण खरेदीखत’ अशी न होता त्या बाईच्या नावाने व्हावी.